संहितेत नसलेली तीन वाक्ये

यंदा दिवाळीनंतर आमच्या गावच्या मंडईला जे नाटक झाले, त्याच्या शेवटच्या अंकात नायिकेने तीन वाक्ये म्हटली. ती संहितेत नव्हती. ती माझ्या धाकट्या बहिणीने लिहिली होती आणि नाटकासाठी लिहिली नव्हती.

गाव सौंदडच्या अलीकडे, रेल्वेच्या रुळांपासून थोडे आत आहे. हलके, म्हणजे लवकर पिकणारे धान कापून झाले की या भागात गावोगाव मंडई भरते. एका दिवसाची जत्रा. दिवसा दंडार हा नाचगाण्याचा लोकनाट्यप्रकार, रात्री नाटक. घरोघरी पाहुणे येतात, मटण शिजते, मुलामुलींच्या सोयरिकी निघतात, आणि रुसून माहेरी बसलेल्या लेकींचे प्रश्नही याच दिवशी सोडवायचा प्रयत्न होतो, कारण दोन्हीकडची माणसे आयती जमलेली असतात.

यंदा क्रम बदलला. लाउडस्पीकरची परवानगी रात्री दहापर्यंतचीच मिळाली आणि नाटक लांबलचक. म्हणून समितीने दंडार सकाळी उरकली आणि नाटक दुपारी ठेवले. धान कापलेल्या बांधीत, म्हणजे खाचरात, शामियाना उभा राहिला. कापडाचे छत असले तरी ऊन आत येतच होते. एरवी अंधारात बसणारे प्रेक्षक पहिल्यांदाच एकमेकांना स्पष्ट दिसत होते. कोण कुठे बसले, कोण कोणाकडे पाहते, सगळेच.

नाटक एका जुन्या कौटुंबिक विनोदी सिनेमावरून बेतलेले होते. तो सिनेमा टीव्हीवर इतक्यांदा लागला आहे की आमच्या गावातल्या लहान मुलांनाही तो पाठ आहे. बायकोशी भांडण झालेला एक नवरा माफी मागायला नको म्हणून स्मृती गेल्याचे सोंग करतो. बायको ते पहिल्याच दिवशी ओळखते. पण ओळखले असे दाखवत नाही. ती स्वतःची ओळख घरमालकीण म्हणून करून देते आणि त्याला भाडेकरू करून ठेवते. आपल्याच घरात त्याला प्रत्येक गोष्ट विचारावी लागते. इथे बसू का, पंखा लावू का, पाणी घेऊ का. सिनेमातला सगळा विनोद या विचारण्यावर आहे.

झाडीपट्टीतल्या, म्हणजे आमच्याच या पूर्व विदर्भातल्या, नाटक कंपनीने त्यात गाणी घातली. पाच नायकाला, एक नायिकेला, एक दोघांना मिळून. सिनेमात नसलेला एक प्रवेशही घातला. सोंगाला कंटाळून नायिका माहेरी जाते आणि नवऱ्याचे काका त्याला घेऊन तिला परत न्यायला येतात. रडण्याला जागा नसेल तर आमच्याकडचा प्रेक्षक नाटक अर्धवट आहे म्हणतो.

बहीण त्या वेळी खरोखरच माहेरी होती. पावसाळ्यापासून. सोबत तिची मुलगी.

कारण गावात सगळ्यांना माहीत होते आणि बहुतेकांना ते किरकोळ वाटत होते. तिचा नवरा मारणारा नाही, पिणारा नाही. तिरोड्याला त्याचे मोबाईल दुरुस्तीचे दुकान आहे, दिवसभर हसतखेळत बोलतो, पोरीवर जीव टाकतो. मात्र तो बायकोच्या वतीने बोलतो. लग्नाला येईल का, असे कोणी तिला विचारले तर हा म्हणतो, येईल. तिच्या फोनवर आलेला फोन हा उचलतो आणि निरोप परस्पर ठरवतो. जूनमध्ये त्याने ती शिकवत होती त्या तिरोड्याच्या शाळेत कळवले की ती आता येणार नाही, दुकानात बसणार आहे. हे तिला शाळेत पोहोचल्यावर कळले. तिच्या वर्गात दुसऱ्या बाई हजेरी घेत होत्या. ती तिथून घरी गेली, मुलीला घेतले आणि गावी आली. पुढे सौंदडच्या एका खासगी शाळेत तिला काम मिळाले.

मंडईच्या सकाळी तो आला. दारातूनच सासूला आवाज दिला.

“जयभीम, मामी!”

“जयभीम. आले का जवाईबापू? बसा. चहा मांडतो,” आई म्हणाली.

“चहा मांडा. जेवतो बी. नाटक पाहतो, अन् नाटक सुटलं का निघतो आमी तिघं. संध्याकाळची गाडी हाये.”

“तिले विचारलं का?”

“त्यात का विचारायचं, मामी? चार लोकांत हो मनेल ते.”

आतून बहिणीचा आवाज आला. “काऊन? मी मुकी हाओ का?”

तो हसला. “पाहा मामी, बोलली शेवटी! येणंच फळाले आलं.”

आई हसली नाही. माझ्या भाचीने मात्र बापाच्या गळ्यात हात टाकून विचारले, “पप्पा, तुमी त्या पिच्चरमधल्यावानी विसरून गेलते का आमाले?” त्याने तिला उचलून घेतले. त्याचे काय उत्तर होते ते मला ऐकू आले नाही.

जेवताना आईने मला बाजूला घेऊन विचारले, “जाईल का रे ते?” मी म्हणालो, माहीत नाही. ते खरे होते.

नाटकाच्या जाहिरातपत्रकावर सगळ्यात वर, नाटकाच्या नावाच्याही वर, छापले होते: सहकुटुंब पाहावे असे. आमच्याकडच्या प्रत्येक नाटकाच्या पत्रकावर हे असते. प्रत्यक्षात शामियान्यात मधोमध दोर बांधलेला असतो. एका बाजूला बाया, दुसऱ्या बाजूला पुरुष. बहीण, आई आणि भाची दोराच्या पलीकडे तणसावर, धानाच्या पेंढ्यावर, सतरंजी टाकून बसल्या. मी दोराच्या अलीकडे, त्यांच्या जवळ. तिचा नवरा गावचा जावई म्हणून पुढच्या खुर्च्यांवर.

उद्घाटन, सहउद्घाटन, सत्कार आणि भाषणे होऊन पडदा उघडला. दिवसाउजेडी पात्रांच्या तोंडावरचा रंग जाड दिसत होता. नायकाच्या मिशीची कड सुटलेली होती. पहिल्या रांगेतल्या पोरांनी ते ओरडून त्याला सांगितले. त्याने मिशी दाबली आणि घरमालकिणीला विचारले, “मिशी ठेवू का?” हे वाक्य बहुधा संहितेत नसावे. हशा पिकला. सगळ्यात मोठ्याने तिचा नवरा हसला. तो खुर्चीवरून वळून मागच्यांना सांगत होता, “आता पाहजा, आता पाणी मागते!” नायकाने पाणी मागितले.

आमच्याकडच्या नाटकाची काम करण्याची एक पद्धत सांगणे आवश्यक आहे. तालमी फार होत नाहीत. विंगेत प्रॉम्प्टर बसतो आणि प्रत्येक वाक्य आधी तो म्हणतो. मग पात्र तेच रंगात येऊन म्हणते. पुढे बसणाऱ्यांना प्रत्येक विनोद दोनदा ऐकू येतो, आधी कोरडा आणि मग ओला. चांगल्या कलाकाराला वाक्य आधी माहीत असावे लागत नाही. कानात पडले की ते तोंडातून आपले होऊन निघते. शिवाय गावागणिक संहितेत फेरफार होतात. गावाचे नाव, तिथला एखादा ओढा, एखादी थट्टा. हे फेरफार चिठ्ठ्यांवर लिहून संहितेच्या पानांवर ठेवलेले असतात.

दुसऱ्या अंकातले नायकाचे मोठे गाणे संपले. वन्स मोअर झाला. मग बक्षिसांच्या घोषणा सुरू झाल्या. घोषणा चालू असताना पात्रे जिथल्या तिथे थांबतात. नायिका लाटणे उगारलेल्या अवस्थेत उभी होती आणि समितीचे सचिव माइकवर वाचत होते.

“आपल्या गावचे जवाई, तिरोड्याचे मोबाईलवाले, सहकुटुंब नाटकाले उपस्थित हायेत! त्यांच्याकडून गायक कलाकाराले बक्षीस! अन् आनंदाची गोष्ट मंजे, आपल्या गावची लेक आज नाटक सुटल्यावर त्यांच्यासंग आपल्या घरी जाऊन राहिली हाये! टाळ्या!”

टाळ्या झाल्या. दोराच्या पलीकडच्या बाया एकदम बहिणीकडे वळल्या. अंधार असता तर एवढे दिसले नसते.

“जाऊन राहिली का वं? सांगतलं नाई.”

“बरं झालं बाई. लेकरू बापाले झुरत होतं.”

“थांबजो, चिवडा बांधून देतो.”

आईने मान खाली घातली.  बहीण दोराजवळ सरकून मला म्हणाली, “दादा, तुमच्या पेपरात चूक छापली तं का करता तुमी?”

“दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापतो.”

“कोठी?”

“आतल्या पानावर. लहान अक्षरात.”

“इथे आतलं पान नाई. पेन दे.”

तिने पत्रकाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिले. शाळेतल्या फळ्यावर लिहावे तसे, सुटे आणि शुद्ध. “मी माझ्या आईसोबत नाटक पाहायला आले आहे. आज मी कुठे जाणार आहे, असे मी कोणाला सांगितलेले नाही. मला कोणी विचारलेही नाही.” खाली नाव आणि ‘शिक्षिका’. लिहिलेला भाग फाडून तिने मला दिला. “हे वाचाले सांग त्यायले.”

मी स्टेजच्या बाजूला गेलो. सचिवांनी चिठ्ठी वाचली, मग पुन्हा वाचली.

“दुरुस्ती? भाऊ, बक्षिसात दुरुस्तीचा रिवाज नाई आपल्या इथे.”

“तुमच्या नावात चूक छापली असती तं तुमी मागतली असती का नाई?”

“मागतली असती,” ते म्हणाले. “पण हे घरची गोष्ट हाये नं.”

“माइकवर कोणी आणली?”

ते ओशाळले. “तू पेपरवाला. तुह्यासंग कोण बोलते बाप्पा! ठेव. पण प्रवेश सुरू झाला आता, मधात थांबवलं तं कंपनीवाला बोंबलते. शेवटच्या गाण्याच्या आधी वाचतो.” त्यांनी चिठ्ठी घेतली. तेवढ्यात पलीकडचा माइक खरखरू लागला म्हणून त्यांना तिकडे बोलावणे आले. जाताना त्यांनी चिठ्ठी हाताशी असलेल्या एकमेव सपाट जागी ठेवली. ती जागा म्हणजे प्रॉम्प्टरच्या संहितेतली, बाजूला काढून ठेवलेली शेवटच्या अंकाची पाने होती.

मी परत येऊन बसलो. बहिणीने भुवई उंचावून विचारले. मी होकारार्थी मान हलवली.

शेवटच्या अंकात नायिका माहेरी होती. काका आले. मागे मान खाली घालून नायक. काकांनी रुमालाने घाम पुसला आणि म्हटले, “सूनबाई, झालं गेलं विसर. बॅग भर. हा तुला न्यायला आलाय.”

यानंतर नायिकेने डोळ्याला पदर लावून होकाराचे गाणे सुरू करायचे होते. विंगेतून प्रॉम्प्टरचा कोरडा आवाज आला, “मी माझ्या आईसोबत नाटक पाहायला आले आहे.”

नायिका क्षणभरही अडखळली नाही. तिने पदर सोडला, काकांकडे पाठ केली, नवऱ्याकडे वळली आणि एकेका शब्दावर जोर देत म्हणाली, “मी, माझ्या आईसोबत, नाटक पाहायला आले आहे!”

सोंग घेतलेल्या नवऱ्याला उद्देशून ‘नाटक’ हा शब्द आल्यावर बायांच्या बाजूने आधी एक हुंकार आला आणि मग टाळ्या. पुरुषांनी शिट्ट्या मारल्या. पुढची दोन वाक्येही ती तशीच म्हणाली. तिसऱ्याला तिचा आवाज खाली आला. “मला कोणी विचारलेही नाही.”

प्रॉम्प्टर तिथे थांबला. खाली त्याला नाव दिसले होते.

स्टेजवर कोणाकडेच पुढचे वाक्य नव्हते. काका विंगेकडे पाहत होते. नायकाने सबंध नाटकभर जे केले होते तेच केले. हात जोडून, भाडेकरूच्या आवाजात तो म्हणाला, “मग... आता विचारू का?”

शामियाना हलला म्हणण्याइतका हशा झाला. समोरून वन्स मोअरची मागणी झाली. वन्स मोअर गाण्याला मिळतो, वाक्यांना क्वचितच. कंपनीच्या मालकाने विंगेतून हाताने खूण केली, घ्या. प्रॉम्प्टरने चिठ्ठी पुन्हा उचलली. काका पुन्हा म्हणाले, बॅग भर. तीन वाक्ये पुन्हा झाली.

भाची तिच्या आईला म्हणाली, “मम्मी, हे बाई तुह्यावानीच बोलून राहिली.” आजीने तिचे तोंड दाबले.

पहिल्या वेळी बहिणीचा नवरा इतरांसारखाच हसला होता. दुसऱ्या वेळी तो हसला नाही. त्याने खुर्चीवर वळून बायांच्या बाजूला पाहिले. बहीण त्याच्याकडे पाहत नव्हती, स्टेजकडे पाहत होती. नायकाने दुसऱ्यांदा विचारले, “आता विचारू का?” आणि नायिका कोणी न सांगता म्हणाली, “विचार.” ऑर्गनवाल्याने याच जागी आपले सूर धरले आणि ठरलेले गाणे सुरू झाले. दुरुस्ती माइकवर वाचली गेली नाही. सचिवांनी चिठ्ठी शोधली, ती त्यांना सापडली नाही.

नाटक सुटले तेव्हा ऊन उतरले होते. लोक तणस झटकत उठत होते. तो दोरापाशी आला. दोर त्याच्या आणि तिच्या मध्ये होता. त्याने हात जोडले आणि नायकाच्या आवाजात सुरुवात केली, “आता विचारू का?”

“नाटक नका करू,” बहीण म्हणाली.

त्याने हात खाली घेतले. आजूबाजूला बाया उभ्या होत्या, चपला शोधण्याच्या निमित्ताने. तो साध्या आवाजात म्हणाला, “येतस का?”

“आज नाई.”

“मंग कवा?”

“शाळा चालू हाये माही. इथली. ते काई मी मधात सोडत नाई. तिथं आली तं कसं राहीन, का करीन, हे ठरवतो अन् मंग सांगतो.”

“ठीक हाये. मामीले मी तसं—”

“मामीले तुमी काई सांगू नका. कोणालेच काई सांगू नका. जे सांगाचं ते मी सांगीन.”

 त्याने मुलीला दोरावरून उचलून घेतले, गालाचा मुका घेतला आणि परत खाली ठेवले. घरी आला नाही. सौंदडला जाणाऱ्या एकाच्या मोटारसायकलवर बसून गेला. बांधून ठेवलेला चिवडा एका शेजारणीने संध्याकाळी आमच्याकडेच आणून दिला. “राहिली तं इथेच खा,” ती बहिणीला म्हणाली.

पुढच्या काही दिवसांत मी संबंधितांना विचारले. बहिणीच्या नवऱ्याने बक्षिसासोबत दिलेल्या कागदावर ‘तिरोड्याहून जावई, सहकुटुंब’ एवढेच होते. घरी जाण्याबद्दल काही नव्हते. सहकुटुंब हा शब्द त्याने पत्रकावरून घेतला होता. “चांगला दिसला मनून लिवला,” तो फोनवर म्हणाला. लेक आज जाणार, हे सचिवांनी स्वतः जोडले. ते म्हणाले, “सहकुटुंब मनलं तं घरीच जाईल नं? अजून कोठी जाईल?” प्रॉम्प्टर म्हणाला की संहितेवर चिठ्ठी असली की ती त्या गावचा फेरफार समजून वाचायची असते. त्याने वाचली.

कंपनीच्या मालकाने सांगितले की ती तीन वाक्ये आता संहितेत घेतली आहेत. काही गावांत त्यांना वन्स मोअर मिळतो, काही गावांत मिळत नाही. एका गावात काही पुरुष त्यावर उठून गेले. ती वाक्ये कोणाची हे त्याने मला विचारले. बहिणीला विचारले, ती नको म्हणाली, म्हणून मी ते सांगितले नाही.

त्यानंतर बहिणीचा नवरा दोनदा गावी आला. दोन्ही वेळा त्याने आधी फोन केला. एरवी तो आईला फोन करत असे, आता बहिणीला केला. एकदा ती नाही म्हणाली, तेव्हा तो आला नाही. हे धरले तर त्याने तीनदा विचारले.

मागच्या रविवारी बहीण सकाळीच निघाली आणि गोंदियाला गाडी बदलून एकटी तिरोड्याला गेली. मुलगी आजीजवळ होती. तिथे ती तिच्या जुन्या शाळेत जाऊन आली, मग दुकानात गेली. संध्याकाळी परत आली. आईने विचारले, “का झालं?” ती म्हणाली, “जेवू दे आधी.”

सौंदडच्या शाळेचे सत्र संपेपर्यंत ती गावीच राहणार आहे. त्यानंतर तिरोड्याच्या शाळेत जागा मिळाली तर ती जाईल. नाही मिळाली तर जाणार नाही. हे तिने दुकानात बसून नवऱ्याला सांगितले. त्याने ते आईला फोन करून कळवले नाही, मलाही कळवले नाही. आईला ते दुसऱ्या दिवशी सकाळी बहिणीनेच सांगितले.